ओंकारला अजगर पाळायचाय

गेल्या मे महिन्यात आजोळी, रहिमतपूरला गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर मामेभाऊ ओंकार माडीवर घेऊन गेला, दार लोटलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर एक साप होता. पिकलेल्या केळ्यासारखा पिवळा, त्यावर फिकट जांभळट पट्टे, मधूनच काळे ठिपके. कुणीतरी हातमोजे न घालता तो तळहातावर घेतला होता आणि तो मुटकुळं करून निवांत पडला होता.

"ताई, बनाना. बॉल पायथन. लै भारी ना?"

भारी होता, खोटं कशाला बोलू. मग त्याने दुसरा दाखवला, पांढऱ्याशुभ्र अंगावर तपकिरी तुकडे चिकटवल्यासारखा. तो पाइबाल्ड. मग पेस्टल, मग क्लाउन. ओंकार बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंडेलचा जो तक्ता मी बारावीत पाठ करून विसरले, तो त्याने वहीच्या मागच्या पानावर सापांसाठी काढला होता. या नराला ही मादी लावली तर चारातलं एक पिल्लू अमुक रंगाचं, दोन 'हेट', म्हणजे रंग दिसणार नाही पण रक्तात लपलेला असेल. मी आयुष्यात जनुकशास्त्राचा इतका उत्साही विद्यार्थी पाहिलेला नाही.

शेवटी मुद्दा आला. पुण्यातला एकजण जोडी द्यायला तयार आहे. 40 हजार. ओंकारकडे 12 आहेत. उरलेले ताईने द्यायचे, दोन वर्षांनी पिल्लं विकून परत.

मी "बघते" म्हणाले. आपल्याकडे "बघते" म्हणजे नाही, हे त्यालाही कळतं. पण त्या दिवशी माझं "बघते" खरंच "बघते" होतं. तेव्हापासून मी बघतेच आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न मीही तोच विचारला. आपल्या रानातला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवणं गुन्हा आहे, त्यात चर्चेला जागाच नाही. बॉल पायथन परदेशी. 2020 साली केंद्राने अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करायला सांगितलं, 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. म्हणजे कागद असतील तर पाळता येतो. विकणारा म्हणतो कागद आहेत. ते ओंकारने तपासावेत, मीही तपासीन. पण कागद नीट असले की प्रश्न मिटला, असं मला वाटेना.

हा साप मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यात उंदरांच्या बिळात राहतो. मूळ रंग गडद तपकिरी, त्यावर मातकट डाग. वाळल्या गवतात पडला तर शोधून सापडणार नाही. त्या नक्षीचं कामच ते, दिसू नये. बेनिनमध्ये विदा नावाच्या गावात या सापांचं देऊळ आहे. गावात साप फिरत आला तर लोक त्याला मारत नाहीत, उचलून देवळात सोडतात. मला लगेच आपली बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवली. दोन्हीकडे सापाला देव म्हणायचं आणि दोन्हीकडे त्याला हाताळायचंही. शिराळ्यात जिवंत नागांच्या मिरवणुका कोर्टाच्या आदेशांनी थांबल्या, तेव्हा गावाने जो युक्तिवाद केला तो असा: आम्ही त्यांना जपतो. ओंकारचाही युक्तिवाद तोच आहे. हीटिंग पॅड, पाण्याचं भांडं, लपायला डबा, आठवड्याला एक उंदीर. "जंगलात एवढे लाड कोण करतंय?"

तर असे तपकिरी साप हजारोंनी पकडले जात होते. त्यात कधीतरी एखादा पिवळा, एखादा पांढऱ्या तुकड्यांचा सापडे. रानात असा साप फार दिवस टिकत नाही, घारीला लांबून दिसतो. अमेरिकेतल्या पैदासकारांनी असे सापडलेले वेगळे ठेवायला सुरुवात केली. 1992 मध्ये पिवळ्या-पांढऱ्या अल्बिनोची पैदास जमली, 1997 मध्ये पाइबाल्डची. लपलेला रंग वर आणायचा तर मुलीला बापाशी किंवा भावंडांना आपसांत लावावं लागतं, तेही केलं गेलं. आज या सापाचे इतके रंग आणि नक्ष्या आहेत की ओंकारला नावं पाठ करायला वही लागते. रानात जो दोष होता, तोच दुकानात गुण झाला.

इथपर्यंत मला नवलच वाटत होतं. आपण हेच करत आलोय की. आमच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा तुम्हाला माहीत असेल, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. कुणीतरी कधीतरी पट्ट्यांचा दाणा बाजूला काढून बियाण्याला ठेवला असणार. घेवड्याला त्याचं काही सुखदुःख नाही, त्यामुळे आपण आमटी करून मोकळे.

पण त्या वहीत एक नाव होतं, 'स्पायडर'. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची नक्षी, फार सुंदर. 1999 साली आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून ही ओळ सुरू झाली. आणि या नक्षीबरोबर एक गोष्ट जोडीने येते. साप डोकं स्थिर ठेवू शकत नाही. मान पिळल्यासारखी वळते, कधी तो उलटा होऊन वर बघत राहतो, उंदरावर झडप घालतो आणि बाजूच्या हवेत तोंड मारतो. काहींमध्ये हे थोडं असतं, काहींमध्ये फार. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सापांच्या डोक्याचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले, तर आतल्या कानातला तोल सांभाळणारा भागच वेडावाकडा तयार झालेला दिसला. नक्षी आणि तोल, दोन्ही एकाच जनुकाच्या हातात. नक्षी हवी तर हेही घ्या. ब्रिटनमधल्या एका सर्पपालक संघटनेने आपल्या मेळ्यांत स्पायडर विकायला बंदी घातली. तरी स्पायडर आजही विकला जातो.

ओंकारने मला तसा एक व्हिडिओ दाखवला. साप मान वाकडी करून डुलत होता. खाली लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले होते. ओंकार हसला नाही, पण म्हणाला, "ताई, खातो-पितो, अंडी घालतो. त्याला काय दुखत नसणार."

इथे मला बिट्टूबद्दल सांगावं लागेल.

मी शाळेत असताना टीव्हीवर मोबाइल नेटवर्कची एक जाहिरात लागायची. एका मुलामागे चपट्या तोंडाचा कुत्रा सगळीकडे जातो. त्या जाहिरातीने अर्ध्या देशाला पग हवा झाला, त्यात मीही होते. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी पग घेतला. बिट्टू झोपला की घोरायचा, एखाद्या थकल्या काकांसारखा. मी त्याचे व्हिडिओ काढून टाकायचे, मैत्रिणी "सो क्यूट" लिहायच्या. जेवताना फुरफुरायचा, चार जिने चढला की जीभ बाहेर काढून बसायचा, तेही आम्हाला गोड वाटायचं. तो पाच वर्षांचा असताना एप्रिलमध्ये एके दुपारी घरातली वीज गेली. मी ऑफिसात होते. संध्याकाळी आले तेव्हा तो बाथरूमच्या फरशीवर पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, याची नाकपुडी बघा, फटीएवढी आहे. टाळूचं मांस मागे लोंबतंय. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग गार करतो. याला धापा टाकायला वाटच नव्हती.

ते घोरणं म्हणजे घोरणं नव्हतं. पाच वर्षं तो माझ्यासमोर श्वासासाठी झगडत होता आणि मी त्याचं चित्रण करत होते. मी त्याच्यावर प्रेम करत नव्हते असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण ज्या चेहऱ्यावर मी प्रेम करत होते, त्या चेहऱ्यानेच त्याचा श्वास अडवला होता.

म्हणून "त्याला काय दुखत नसणार" हे वाक्य मला ऐकवत नाही. कुत्रा निदान कण्हतो. सापाला भुवया नाहीत, पापण्या नाहीत, आवाज नाही. जिथे माझ्या कुशीत झोपणाऱ्या कुत्र्याचं दुःख मला गोड वाटलं, तिथे सापाचं मला काय कळणार?

हे सगळं मी ओंकारला सांगितलं. तो गप्प झाला. मग त्याने असा प्रश्न टाकला की मीच गप्प झाले. "पण ताई, त्या सापात ते जनुक नसतं तर तो सापच जन्मला नसता. दुसराच कुठला तरी जन्मला असता. म्हणजे याचं नुकसान काय झालं? वाकडी मान घेऊन जगणं, का जन्मालाच न येणं, यातलं त्याला काय बरं?"

ओंकारला माहीत नव्हतं, पण डेरेक पार्फिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 च्या एका पुस्तकात माणसांबद्दल हाच प्रश्न विचारला होता. जो जीव दुसऱ्या कुठल्या रीतीने अस्तित्वातच आला नसता, त्याला जन्माला घालून तुम्ही त्याचं वाईट केलं असं कसं म्हणणार? त्याचं जगणं अगदीच नरक नसेल, तर तक्रार नेमकी कुणाची? प्रश्न अवघड आहे आणि पार्फिटलाही तो पुरता सुटला नाही. माडीवरच्या उकाड्यात मला तो कुठून सुटणार.

बिट्टूच्या बाबतीत विचारलं तर, तो नसता तर बरं झालं असतं असं मी म्हणू शकत नाही. त्याने त्याची पाच वर्षं मजेतही काढली. पोळीचा तुकडा दिसला की गोल फिरायचा. पण मला उद्या कुणी पगचं पिल्लू दिलं, तर मी घेणार नाही. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी म्हणते आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. जन्मलेल्याकडे बघताना मी एका जिवाकडे बघते. पुढचा मागवताना मात्र समोर कुणीच नसतं. तिथे फक्त मी आणि माझी ऑर्डर. मला असाच हवा, त्याला श्वास पुरला नाही तरी चालेल. चूक त्या ऑर्डरीत आहे. ती चूक आहे म्हणायला कुणा एका जिवाने येऊन तक्रार नोंदवायची गरज नाही.

हे मी संध्याकाळी अंगणात तात्यांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सांगत बसले. तात्या ऐंशीच्या पुढचे. मला वाटलं ते "सापाचं कसलं येड" म्हणून विषय संपवतील. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक कोण त्याला?" म्हटलं, शहरातले लोक, हौशी. तात्या म्हणाले, "मग आमचं तरी काय येगळं व्हतं."

तात्यांकडे खिलार बैल असायचे. शेवटची जोडी त्यांनी पुसेगावला सेवागिरींच्या यात्रेतून आणली होती. खिलार म्हणजे आमच्या सातारा-सांगली-सोलापूर पट्ट्याचा अभिमान. पांढरा, उंच, मागे झुकलेली लांब शिंगं. त्यातही काजळी वेगळा, कोसा वेगळा. काजळी म्हणजे डोळ्यांभोवती, नाकपुडीवर, खुरांवर काजळ घातल्यासारखा काळा. औंध संस्थानातल्या आटपाडी महालाच्या खिलारांचं नाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडून, कालवडी निवडून ही जात माणसांनी घडवली. आणि निवडताना केवळ ताकद पाहिली असं मुळीच नाही. तात्या बैल बघायला गेले की आधी अंगावरून हात फिरवत भोवरे मोजायचे. केसांचा भोवरा कुठे आहे, गोम कुठल्या बाजूला गेलीय. चुकीच्या जागी भोवरा असला तर उत्तम बैलही दावणीला येत नसे. तो स्वस्तात जायचा, कुणाकडे जायचा ते कुणी विचारत नसे. त्या कातडीवरच्या नक्षीचा आणि औत ओढण्याचा संबंध काय? काही नाही.

मी तात्यांना म्हटलं, पण बैल राबायचा. पाय वाकडा असलेला बैल रंगाने कितीही देखणा असला तरी तुम्ही त्याची वीण वाढवली नसती.

"न्हाई. रानात उभा ऱ्हायला पायजे ना."

हा फरक मला मोठा वाटतो. बैलाला दोन परीक्षक होते. एक तात्यांचा डोळा, दुसरं रान. डोळा लहरी होता, पण रान त्याला फार लांब जाऊ देत नव्हतं. प्लॅस्टिकच्या डब्यातल्या सापाला दुसरा परीक्षकच नाही. त्याला शिकार करायची नाही, लपायचं नाही, मेलेला उंदीर चिमट्याने तोंडापर्यंत येतो. मग तोल नसला तरी तो नापास कुठे होणार? डार्विनने कबुतरं पाळली होती आणि लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबांत तो जात असे. 1859 च्या ग्रंथात त्याने आखूड चोचीच्या कबुतरांबद्दल लिहिलंय. चोच इतकी आखूड करत नेली की सर्वांत उत्तम जातीची पिल्लं अंड्याचं कवच फोडू शकत नव्हती आणि आतच मरत. मग पाळणारे स्वतः अंडं फोडून त्यांना बाहेर काढायचे. माणसाची बोटं आली, की निसर्गाची चाळण उठून गेली.

तात्यांच्या बैलांबद्दल लिहिताना मी हळवी होतेय, हे माझ्या लक्षात आलंय. ते बैल ठेचून खच्ची केले जात, नाकात वेसण असे, हेही मी पाहिलंय. रान हा परीक्षक होता, तो दयाळू होता असं नाही. आणि आता ते रानही उरलं नाही. ट्रॅक्टर आला, औत संपलं, तात्यांची दावण गेली. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. शर्यतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, शर्यत नसेल तर खिलार पाळणार कोण? खरं आहे. पण म्हणजे खिलाराने जगायचं तर आपली हौस भागवूनच.

हौसेचं याहून मोठं उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, उंच पाय आणि पोपटाच्या चोचीसारखं फुगीर, बाकदार नाक. नाक जितकं बाकदार तितकी किंमत. 2020 च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची बोली लागल्याची बातमी देशभर गाजली, आणि मालकाने तो दिला नाही. आपण सगळ्यांनी ती बातमी कौतुकाने फॉरवर्ड केली. मीही केली होती. आज ते मेंढरू डोंगर चढतं, चरतं, धनगराच्या मागे मैलोन्‌मैल चालतं, म्हणजे त्याचा दुसरा परीक्षक शाबूत आहे. पण ज्याच्या नाकाला लाखांची बोली लागते ते कळपात चालत नाही, ते गोठ्यात पंख्याखाली असतं. एका नाकाचं पुढे काय होऊ शकतं, ते मी घरात पाहिलंय.

आणि ज्यांना नक्षी आली नाही त्यांचं काय? ओंकारच्या तक्त्यात चारातलं एक पिल्लू रंगीत असलं तर उरलेली तीन कुठे जातात? "हेट विकली जातात, ताई. नॉर्मल…" तो थांबला. साध्या तपकिरी पिल्लाला गिऱ्हाईक नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. ओंकारचं लग्न होईल, पोरं होतील, तो बंगळूरला जाईल, आणि माडीवर डबे असतील. मी हे त्याला ऐकवत होते तेव्हा खालून मामीने दूध आणून ठेवलं. जर्सीच्या दुधाचा चहा. या गोठ्यात जर्सीला जे गोऱ्हे झाले ते कुठे गेले, हे मी गेल्या दहा वर्षांत मामाला एकदाही विचारलेलं नाही. औताला ते चालत नाहीत, दूध देत नाहीत. मी चहा घेतला. ओंकारने माझ्याकडे बघितलं, पण काही बोलला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

म्हणजे मी कुठल्या उंच ओट्यावर बसून त्याला शिकवतेय असं नाही. खाण्यासाठी, राबण्यासाठी जे करतो त्याला निदान पोटाचं कारण तरी असतं, असं मी स्वतःला सांगते, आणि ते कितपत खरं आहे याची मला शंका आहे. पण रंगासाठी तेही कारण नाही. तिथे फक्त माझा डोळा आहे, आणि माझ्या डोळ्याची समज किती, ते बिट्टूने दाखवून दिलंय.

निघताना ओंकारला तीन गोष्टी विचारून आले. ज्याच्या नक्षीबरोबर काही दुखणं येत नाही अशीच जात घेशील, हे तू कशावरून ठरवणार, विकणाऱ्याच्या शब्दावरून? साध्या पिल्लांना मरेपर्यंत पोसायला जागा आहे का? आणि पैदास न करता एकच साप, तोही तपकिरी, चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर त्याचं तोंड असं झालं की जणू मी त्याला आयफोनऐवजी लँडलाइन देऊ केला.

तात्यांनी मात्र जाता जाता त्याला जवळ बोलावून मोबाइल मागितला. चष्मा लावून तो केळ्याच्या रंगाचा साप बराच वेळ पाहिला. मग बोटाने स्क्रीनवर त्याच्या पाठीवरून, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सावकाश हात फिरवला. बैलाच्या अंगावरून फिरवायचे तसाच.

"देखणा हाय," म्हणाले. "भोवरा न्हाई कुठं."

परवा रात्री ओंकारचा मेसेज आला. "ताई, स्पायडर कॅन्सल. मी स्वतः वाचलं सगळं. पेस्टलमध्ये प्रॉब्लेम नाही म्हणतात. फक्त नर घेऊ का आधी?" खाली एक फोटो. निळ्या टिका गेल्यात. उत्तर अजून टाइप करतेय.